चढाला घसरणारी गाडी

विंझर मागे पडलं आणि पहिल्याच चढाला गाडी घसरली. रस्त्यावरून नव्हे, आतल्या आत. इंजिनाचा आवाज वाढत गेला, इतका की कडेच्या बाभळीवरची होले उडाली. पण चाकांना त्याचा पत्ताच नाही. गेनबा ड्रायव्हरने पाय आणखी दाबला. गाडी नुसतीच ओरडली आणि मग हळूहळू मागे सरकू लागली.

"दगड!" मागच्या सीटवरून चिमाजी म्हणाले. "फुला, चाकामागं दगड."

फुलाने वडिलांचं डोकं मांडीवरून उचलून घोंगडीच्या वळकटीवर टेकवलं, दार उघडून उडी टाकली आणि ओढ्याच्या कडेचा एक धोंडा दोन्ही हातांनी ओढत आणून मागच्या चाकाला लावला. गाडी थांबली. गेनबाने इंजिन बंद केलं. मग ऐकू आलं ते चिमाजींचं कण्हणं. ते सकाळपासून चालू होतं. फक्त इंजिनाच्या आवाजात बुडालं होतं.

सकाळी वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या जांघेतली सूज दाबून पाहिली होती आणि हात लगेच काढून घेतला होता. डॉक्टर वयाने फुलापेक्षाही लहान होते. "अंतर्गळ अडकलाय," ते म्हणाले. "आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय. हे माझ्या हातचं नाही. पुण्याला न्या, दिवेलागणीच्या आत टेबलावर घेतलं पाहिजे." मग फुलाला ओट्यावर बोलावून त्यांनी आणखी एक सांगितलं. "बाई, दुखणं वाढलं तर घाबरू नका. एकदम थांबलं, तर मात्र तो आराम समजू नका."

चिमाजींना हा अंतर्गळ जुनाच होता. पट्टा बांधून ते कामं करत. परवा गोदामात गिअरपेटी गाडीखाली चढवताना जॅक एका बाजूला कलला, तेव्हा त्यांनी ती खांद्यावर झेलली. पेटी बसवूनच बाहेर आले, हात धुतले, भाकरी खाल्ली. काल रात्री उलट्या सुरू झाल्या.

आणि आता तीच पेटी त्यांना पुण्याला न्यायला निघाली होती. दुसरं काही नव्हतंच. वेल्ह्याची एसटी पहाटेच गेली होती, ती संध्याकाळीच परत येणार. बैलगाडीने नसरापूर गाठेपर्यंतच दिवस मावळला असता. गावात मोटार एकच, हिरड्याचे ठेकेदार मानसिंगराव यांची. मुंबईच्या एका थेटरवाल्याने काढून टाकलेली ही लांबलचक अमेरिकन गाडी त्यांनी हौसेने आणली होती. हिला क्लच नाही, गिअर बदलायचा दांडा नाही; ती आपले गिअर आपणच बदलते, तेलाच्या दाबावर. वेल्ह्यात ती आली तेव्हा लोक ड्रायव्हरचा डावा पाय बघायला खिडकीशी गर्दी करत. वर्षाच्या आत तिची गिअरपेटी बंद पडली. पुण्याच्या गॅरेजांनी हात जोडले. शेवटी चिमाजींनी, लढाईच्या काळात खडकीच्या लष्करी वर्कशॉपात अमेरिकन गाड्यांवर हात बसलेला म्हणून, हिरड्याच्या गोदामात गोणपाटावर ती पेटी उघडली आणि दिवाळीपासून माघापर्यंत एकेक चकती पुसून, घासून, पुन्हा बांधली. परवा ती गावात सपाटीला दोन फेऱ्या चालली. मानसिंगरावांनी तिला हार घातला.

चढावर ती आजच पहिल्यांदा निघाली होती.

"गेनबा," चिमाजी डोळे मिटूनच म्हणाले, "पायाला कसं लागलं? नीट सांग."

"पायाला काय लागायचं, काका? उजवा पाय दाबला तर निसता आवाज. आन् डावा पाय बसलाय पाव्हण्यावानी. माझ्या ट्रकाला क्लच घसरला तर पायाला कळतंय. हिचं काय कळायचं?"

"धक्का बसून सुटली, का लोणी वितळल्यागत सुटली?"

गेनबाने विचार केला. "लोण्यावानी."

"मंग पट्टा ढिला ऱ्हायलाय. ड्रमावरचा पट्टा. बाजूला स्क्रू हाय, त्यो आवळ. एक फेरा. लई न्हाई."

गेनबा पाना घेऊन खाली शिरला. फुला परत आत बसली. तिने वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळ थंड होतं आणि ओलं. भोरच्या मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती. चार दिवसांच्या सुटीला घरी आली होती, वडिलांची जुनी धोतरं फाडून त्यांना चांगली पायपुसणी शिवून द्यायची म्हणून. आई गेल्यापासून घरात बाईमाणूस नव्हतं. आता या बंद मोटारीत तेल, हिरडा आणि ओकारीचा वास कोंडला होता आणि तिला काय करावं ते सुचत नव्हतं. ती पदराने वारा घालत राहिली.

"बोलू नका आबा. दम राखून ठेवा."

"दम कशाला राखायचा? म्या कुठं चढतोय, गाडी चढतीय."

गेनबा बाहेर आला, हाताची माती धोतराला पुसली, इंजिन सुरू केलं. गाडी झटक्यात उचलली. धोंडा मागेच राहिला. चढ संपला, पलीकडचा उतार आला, मग गुंजवणीच्या काठाकाठाचा सपाट रस्ता. गेनबाने हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

"काका, तुमाला मोटारीचं डाक्टर करायला पायजे सरकारनं!"

चिमाजी हसले नाहीत. ते ऐकत होते. फुलाला ते कळत होतं, कारण कण्हणं मधेच थांबे, आवाज बदलला की मान किंचित वळे, आणि मग कण्हणं पुन्हा सुरू होई.

मार्गासनीच्या अलीकडे गाडी पुन्हा घसरली. तसाच साधा चढ, तसंच ओरडणं, तसंच मागे सरकणं. या वेळी फुला दगड शोधेपर्यंत मागचं चाक चरात उतरलं होतं.

"तेल बघ," चिमाजी म्हणाले. "इंजिन चालू ठिवून बघ. हिचं तेल बंद इंजिनावर बघायचं न्हाई."

गेनबाने तेल मोजायची कांडी ओढून दाखवली. तेल खुणेला होतं. ठेकेदाराने मुंबईहून आणवलेलं तांबडं तेल, आता तपकिरी झालेलं. गेनबा म्हणाला, तरी थोडं घालू या, जास्तीनं काय बिघडतंय? चिमाजी म्हणाले, जास्तीनं फेस होतो. दोघं वाद घालत राहिले. शेवटी फुलाच ओरडली, "काहीतरी एक करा!" आणि स्वतःच्या आवाजाने स्वतःच दचकली.

पट्टा आणखी आवळला. गाडी निघाली. मार्गासनीच्या पुढे फार तर चार हाकांच्या अंतरावर ती तिसऱ्यांदा घसरली, आणि आता तर चढही नावापुरताच होता.

फुला उतरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुढे रस्ता रिकामा, मागे रिकामा. हरभऱ्याची काढणी झालेली शेतं, एका शेतात धनगरांनी बसवलेली मेंढरं, पलीकडे त्यांना रात्री कोंडायच्या वाघरीची जाळी. ऊन कलायला लागलं होतं. नसरापूरपर्यंत अजून बराच पल्ला, तिथून सातारा रस्ता, आणि त्या रस्त्याला कात्रजचा घाट. नावापुरत्या चढाला बसणारी गाडी घाट कसा चढणार? तिने हे मोठ्याने विचारलं नाही. विचारायला कुणी नव्हतं. ज्यांना विचारायचं ते मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते.

"फुला," त्यांनीच हाक मारली. "हिकडं ये. पट्टा न्हाई त्यो."

"मग काय?"

"म्या चुकलो. पट्टा आवळला म्हणून ती चालली न्हाई. आपुन थांबलो, म्हणून चालली. दर बारीला थांबलो की सुधारती." त्यांनी दात आवळले, कळ जाऊ दिली. "आता बघायचं एवढंच, की गार झाली म्हणून सुधारती का नुस्ती थांबली म्हणून. गेनबा, इंजिन चालू ठेव. गिअरातून काढ आन् तसाच बसून ऱ्हा. पान खा एक."

"आबा, तपासण्या नंतर करा! आता ती चालतेय तेवढी नेऊ या."

"कुठवर? अशी गेलो तर घाटात बसू. घाटात बसलो तर मागं ट्रका हायत, खाली दरी हाय." त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "पोरी, न कळता पुढं जायचं न्हाई."

गेनबाने पान खाल्लं. इंजिन धडधडत राहिलं. फुला सीटच्या कडेवर बसून उगवतीकडे लांबत जाणारी सावली बघत होती, आणि तिला वाटत होतं की ही सावली उठून आपणच हाताने मागे ढकलावी. पान संपलं. गेनबाने गाडी गिअरात टाकली. इंजिन ओरडलं. चाकं हलली नाहीत.

"आता बंद कर. थोडा येळ. पुन्यांदा चालू कर."

गेनबाने बंद केली, तोंडातलं थुंकला, चालू केली. गाडी चांगली दोन झाडं पुढे गेली आणि मग सुटली.

"गरमच हाय ना अजून?" चिमाजींनी विचारलं.

"चांगली तापलीया. हात लावाया न्हाई येत."

"मंग गरमीचं न्हाई." ते आता घाईने बोलत होते, एका कळेपासून दुसऱ्या कळेपर्यंत जेवढं बसेल तेवढं. "इंजिन चाललं की पेटीतला पंप तेल वढतो. वढीनं कायतरी येऊन त्याच्या तोंडाला चिकटतंय, त्याला तेल मिळंना. वढ थांबली की ते सुटतंय. मंग पुन्यांदा चालतंय, पुन्यांदा चिकटतंय." आणि ते एकाएकी गप्प झाले.

"काय आहे त्याच्या तोंडाशी?" फुलाने विचारलं.

"जाळी." मग म्हणाले, "आन् जाळीवर धडपा."

"धडपा? तिथे कुणी घातला?"

"म्या."

गेनबाने स्टिअरिंगवरून मान मागे वळवली. मग ती पुन्हा पुढे केली. त्यानेही तेच केलं असतं. या मुलुखात न गाळता कुणी काही घालत नाही. हंड्याच्या तोंडाला फडकं, दुधाला फडकं, मोटारीच्या टाकीच्या नरसाळ्यात फडकं. चिमाजी तर म्हणायचे, इंजिन बिघडतं ते निम्मं आळसानं आणि निम्मं न गाळता घातलेल्या तेलानं. गिअरपेटी उघडली तेव्हा आतली तारेची जाळी कोपऱ्यात फाटलेली निघाली. नवी जाळी मुंबईहून मागवली, ती आली नाही. मग त्यांनी घरातला जुन्या लुगड्याचा मऊ धडपा घेतला, मऊ म्हणून आणि बारीक विणीचा म्हणून, तो धुऊन वाळवला, आणि जाळीवर बांधला. एका घडीवर भरवसा बसेना म्हणून दोन घड्या घातल्या.

"चेंबर खोलायला लागंल," ते म्हणाले. "पेटीच्या तळाचं. समदं तेल निघंल. ते सांडायचं न्हाई, दुसरं तेल न्हाई आपल्याजवळ. भांडं पायजे मोठं."

फुला धनगरांच्या वाड्याकडे धावली. शेताच्या ढेकळांत तिच्या चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिथेच टाकून गेली. वाघरीपाशी एक बाई कोकराला पाजत बसली होती. पारूबाई तिचं नाव. फुलाने धापा टाकत जेमतेम सांगितलं तेवढ्यावर ती उठली, घमेलं आणि दुधाची चरवी दोन्ही उचलली, आणि कोकरू काखेत तसंच घेऊन तिच्यामागे आली.

"चरवी बाटेल तुमची," फुला म्हणाली.

"बाटू दे. घासू मातीनं." गाडीखाली पाय दिसणाऱ्या गेनबाकडे पाहून ती म्हणाली, "काय गं बाय, मोटारीचं बाळंतपण हाय का काय?"

"तसंच समजा," खालून गेनबा म्हणाला. "आन् सुईण म्या. फुलाबाई, तुमी या खाली, घमेलं धरायला कोण तरी पायजे. टेकवून न्हाई चालायचं, तिरपं सांडंल."

फुला लुगडं सावरून गाडीखाली शिरली. खडी पाठीत रुतत होती. तिच्या तोंडावर हातभर उंचीवर ते लोखंडी चेंबर होतं, तापलेलं, आणि गेनबा एकेक बोल्ट ढिला करत होता. तिने घमेलं दोन्ही हातांनी वर धरलं. कड सुटली तशी तेलाची धार आली. ती धार आधी घमेल्यात पडली आणि मग तिच्या मनगटावर. तिने घमेलं सोडलं नाही. वर, फरशीच्या पत्र्यापलीकडे, चिमाजी कण्हत होते आणि पारूबाई त्यांच्याशी काहीबाही बोलत होती.

"बाबा, पानी देऊ का?"

"पानी न्हाई चालत. तुमी दूध कशात गाळता?"

"कशात गाळायचं? पदरात."

"किती घड्या?"

"ह्यो बघा, म्हातारा इचारतोय काय!" पारूबाई हसली.

घमेलं भरत आलं होतं. फुलाने कोपरं खडीत रोवली. आणि तेव्हा वरचं कण्हणं थांबलं.

तिला वाटलं, कळ गेली, पुन्हा येईल. तिने मनातल्या मनात वाट पाहिली. कण्हणं आलं नाही.

"बाय!" पारूबाई आनंदाने ओरडली. "अगं, आराम पडला बघ म्हाताऱ्याला! पाय सरळ केले. हसतोय बघ!"

फुला गाडीखाली उताणी पडली होती, हातांत उकळतं तेल. तिला उठता येत नव्हतं, हलताही येत नव्हतं. ओट्यावर उभे असलेले डॉक्टर तिला दिसत होते, त्यांच्या बुशकोटाच्या खिशातलं पेन दिसत होतं. गेनबाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाजतंय व्हय?" ती नाही म्हणाली.

चेंबर सुटलं. वरच्या जाळीला धडपा चिकटलेला होता, फुगून, शेवाळासारखा, पंपाच्या नळीच्या तोंडात अर्धा ओढला गेलेला. गेनबाने दोन बोटांनी तो ओढून काढला. त्याची काठाची पट्टी अजून ओळखू येत होती. आईच्या हिरव्या इरकलीची. फुलाने तिकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ती बाहेर आली तेव्हा चिमाजी खरोखरच कोपरावर रेलून बसले होते. चेहऱ्यावरचा पीळ गेला होता. ओठ मात्र राखेच्या रंगाचे होते.

"निघाला न्हवं?" ते म्हणाले. "म्या म्हनलं व्हतं. आता लई बरं वाटतंय बघ, फुला. पोट मोकळं झालं. आता घाई न्हाई. गेनबा, धडपा धू, पेट्रोलात पिळ, आन् एकाच घडीचा करून ताणून बांध, ढिला न्हाई ठिवायचा. कडंनं टाका घालायला फुला हाय. अर्ध्या तासाचं काम."

"धडपा नाही," फुला म्हणाली. "जाळी नुसतीच बसवा."

"फाटकी जाळी? अगं, घासलेल्या चकत्यांचा कीस सुटतोय अजून, त्यो समदा पंपात जाईल. पंप खाईल त्यो. माझी चार म्हैन्यांची मेहनत हाय ती."

"पुण्यापर्यंत जाईल का?"

"काय सांगावं? जाईल येक वेळ. पर माघारी येणार न्हाई."

"माघारीचं कोण विचारतंय, आबा!"

हे ती ज्या आवाजात बोलली तो ऐकून पारूबाईने कोकरू खाली ठेवलं. चिमाजींनी लेकीकडे पाहिलं. गाडीचा आवाज ऐकताना ते जसे बघत, मान किंचित वळवून, तसे.

"डाक्टर तुला भाईर काय म्हणाला?"

तिच्या मनगटावर फोड उठत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं," चिमाजी म्हणाले, आणि कोपर सोडून हळूच आडवे झाले. "गेनबा, ती म्हणती तसं कर. उघडीच बसव."

तेल परत घालताना मात्र त्यांनी हट्ट धरला की ते गाळूनच घाला. घमेल्यात मेंढ्यांच्या लेंड्यांची धूळ असेल, म्हणाले. पारूबाईने आपल्या पदराची कड फाडून दिली. निघताना तिने फुलाच्या गालावरून तेलकट हात फिरवला.

गाडी चालली. नसरापुरात चालली, चेलाडीच्या चढाला चालली. दोन्हीकडे एसटी उभी नव्हती, दुसरी मोटारही नव्हती. फुलाने थांबायचंच नाही असं सांगितलं. सातारा रस्त्याला लागल्यावर गेनबाने विचारलं, "ट्रक थांबवू का एखादा?" ट्रकच्या हौद्यात, गूळ-कांद्याच्या पोत्यांवर, धक्क्यांत? "नको," ती म्हणाली. "चालतेय तोवर हिच्यातच." ती चालत होती. खरं तर फारच छान चालत होती. गिअर पडलेले कळतसुद्धा नव्हते. गेनबा शिट्टी वाजवू लागला आणि आरशात फुलाचं तोंड दिसल्यावर थांबला.

चिमाजी मांडीवर पडून होते. त्यांचा हात फुलाच्या हातात होता. नाडी मोजायला ती शाळेतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकली होती, पण तिने मोजली नाही. नाडी लागत होती, एवढं पुरे होतं. खेड शिवापूर गेलं. पोट फळीसारखं कडक लागत होतं.

घाटाच्या पायथ्याशी पेटीतून पहिला आवाज आला. दातात खडा आल्यासारखा.

"कीस," चिमाजी म्हणाले.

"ऐकू नका तुम्ही."

"न ऐकून कसं चालंल?"

दुसऱ्या वळणावर आवाज वाढला. जात्यात वाळू पडावी तसं काही तरी आत भरडलं जात होतं, आणि गाडी दर वळणाला थोडी थोडी हलकी पडत होती. चार महिने गोदामात बसून, एकेक चकती डोळ्यांशी धरून केलेलं काम त्यांच्या पाठीखाली, दोन हातांवर, मोडत होतं आणि ते मोडण्याचा प्रत्येक आवाज त्यांना ओळखू येत होता. फुलाने त्यांच्या कानांवर तळहात ठेवले. त्यांनी ते काढले.

"गेन्या, पाय कमी कर. लई दाबशील तर लवकर मरंल. चढाला निसती धरून ठेव, मागं येऊ देऊ नको."

"व्हय काका."

"वळणाच्या आदी थोडा जोर घे. वळणात न्हाई."

"व्हय."

मागून येणारा ट्रक हॉर्न देत, शिव्या देत पुढे गेला. गाडी आता माणसाच्या चालीने चढत होती. इंजिनाचा आवाज डोकं फुटेल इतका. फुला पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी ढकलत होती, जणू त्याने गाडी पुढे जाणार होती. ते तिच्या लक्षात आलं तरी तिने हात काढले नाहीत. "चल," ती म्हणत होती, "चल गं, चल." गेनबाही तेच म्हणत होता, बैलाला म्हणावं तसं. चिमाजी काही तरी बोलले. त्या आवाजात ते ऐकू आलं नाही. तिने वाकून कान लावला. "बोगदा आला?" असं ते विचारत असावेत.

"आला, आबा. हा बघा आला."

बोगद्याचं काळं तोंड समोर होतं. गाडी त्यात शिरली ती जवळजवळ थांबतच. आत इंजिनाचा आवाज दुप्पट झाला, भिंतींवर आपटून परत आला, आणि त्या आवाजाच्या मधोमध पेटीतून काही तरी कायमचं तुटल्याचा आवाज झाला. पण तोवर पुढची चाकं उताराला लागली होती. गाडी आपल्या वजनाने बाहेर आली.

"सुटलो!" गेनबाने इंजिन बंद केलं. "आता हिचं काय काम न्हाई. कात्रज गावापर्यंत निसता उतार. खाली टांगा मिळंल, मोटारबी मिळंल. काका, पोचलो बघा! तुमच्या पेटीनं घाट चढवला!"

दुपारपासून पहिल्यांदाच गाडीत शांतता झाली. खालची खडी टायरखाली कुरकुरत होती. खिडकीतून वारा येत होता. खाली पुण्याच्या बाजूला अजून उजेड होता, कुठे कुठे दिवे लागत होते. गेनबाचा श्वास मोठ्याने चालला होता. स्वतःचा श्वासही फुलाला ऐकू येत होता. ती तिसरा श्वास ऐकायला थांबली.

तिने हाताचा पंजा वडिलांच्या नाकाशी धरला. तळव्याला ऊब लागली नाही. मग त्यांचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला आणि नुसता तसाच राहू दिला.

गाडी एक वळण उतरली, दुसरं उतरली. गेनबा सांगत होता की मानसिंगरावांना आपण दोघं मिळून सांगू, जाळी फाटकी होती, दुसरा इलाज नव्हता, बोलतील ते बोलतील.

"गेनबा," फुला म्हणाली, "ब्रेक लाव."

"हितं? उताराला? बाई, हितं थांबलो तर येळ जाईल, दिवं लागाया लागलं."

"ठाऊक आहे मला. लाव."

गेनबाने आरशात पाहिलं. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.